जुन्या गाडीचा ‘ओरिजनल’पणा आणि नव्या भागावरची तारीख

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या पत्रव्यवहारात गेल्या पंधरवड्यात जुन्या मोटारींविषयी दोन पत्रे प्रसिद्ध झाली. पहिल्या पत्रलेखकांचे म्हणणे असे की, ज्या गाडीतला कंपनीचा मूळ भाग काढून बाहेर घडवलेला भाग बसवला गेला आहे, ती गाडी कितीही जुनी असली तरी तिला ‘क्लासिक’ म्हणून प्रदर्शनात उभी करू नये. दुसऱ्यांनी त्यांना उत्तर दिले की, गाडी रंगून चकाचक झाली आणि पहिल्या चावीला सुरू झाली म्हणजे पुरे, आतले कोण बघतो. माझ्याकडे १९६७ सालची फियाट ११०० डिलाइट आहे. तिच्या दुरुस्तीत माझी निवृत्तीनंतरची चार वर्षे आणि, घरच्या मंडळींच्या हिशेबाने, वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांचा पैसा गेला आहे, म्हणून या वादात बोलण्याचा थोडाफार अधिकार मला आहे असे मी समजतो. मला दोन्ही पत्रे पटली नाहीत. दुसऱ्याचे सोडून देऊ. पहिले पत्र मात्र गाडीवरच्या खऱ्या मायेने लिहिलेले असूनही आपल्याच गावच्या कारागिरांवर अन्याय करणारे आहे, म्हणून हे लिहीत आहे.

मुळात ‘ओरिजनल’ कशाला म्हणायचे, हे आपल्या देशातल्या गाड्यांच्या बाबतीत वाटते तितके सरळ नाही. माझी फियाट आराखड्याने इटालियन, पण तयार झाली ती कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या या कंपनीने सुरुवातीला परदेशी सुटे भाग आणून गाड्या जोडल्या. १९५३ साली केंद्र सरकारने धोरण बदलून नुसती जोडणी करणाऱ्यांना दार बंद केले, जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी त्याच सुमारास येथून गाशा गुंडाळला, आणि राहिलेल्या कंपन्यांना एकेक भाग देशातच करून घ्यावा लागला. त्यामुळे सुरुवातीच्या, आपल्याकडे लाडाने ‘डुक्कर फियाट’ म्हणत त्या गाडीत जो भाग इटलीतल्या तुरीनहून आलेला असे, तोच भाग माझ्या डिलाइटमध्ये देशी कारखान्यातला असू शकतो आणि दोन्ही तितकेच मूळचे ठरतात. त्या काळच्या गाड्यांचे प्लग बंगळूरच्या मायकोचे आणि विजेचे सामान मद्रासच्या लुकास-टीव्हीएसचे असणे ही नेहमीची गोष्ट होती. याउलट अँबॅसेडर पाहा. मॉरिस ऑक्सफर्ड या इंग्रजी गाडीवरून बंगालमधल्या उत्तरपाड्याला घडलेली ही गाडी २०१४ सालापर्यंत निघत होती आणि तिच्यात नव्वदच्या दशकात इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन आले. आता कोणी १९६५ च्या अँबॅसेडरमधले १४८९ सीसीचे जुने इंजिन काढून तेथे हे इसुझूचे इंजिन बसवले, तर तो भाग शंभर टक्के कंपनीचा आहे. पहिल्या पत्रलेखकांच्या कसोटीला ही गाडी उतरेल. माझ्या कसोटीला उतरणार नाही.

‘कंपनीचा माल’ या शब्दावर मीही एकेकाळी डोळे झाकून विश्वास ठेवत असे. त्याची किंमत मी मोजली ती वॉटर पंपापायी. मुंबईच्या एका विक्रेत्याने (नाव लिहीत नाही, कारण असे पुष्कळ आहेत) मला फोनवर सांगितले की, त्याच्याकडे ‘सहासष्ट सालचा, पेटी न फोडलेला’ पंप आहे. किंमत नव्या पंपाच्या पाचपट. पार्सल आले. पुठ्ठ्याची पेटी छान पिवळी पडलेली, कोपरे झिजलेले, आत तेलकट कागद. मी पेटी खिडकीपाशी नेऊन चष्मा पुसून पाहिली, तर पिवळेपणा पुठ्ठ्याच्या बाहेरच्या अंगालाच होता आणि झाकणाच्या घडीत चहाच्या डागासारखी कड उमटली होती. पण खरी गंमत छापील पत्त्यात होती. त्या पत्त्यात सहा आकडी पिनकोड होता. आपल्या देशात पिनकोड सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ रोजी. त्याआधी ‘मुंबई’ लिहून पुढे विभागाचा एक किंवा दोन आकडी क्रमांक लिहीत. म्हणजे हा पंप १९६६ साली पेटीत बसून सहा वर्षांनी जन्माला येणाऱ्या पिनकोडची वाट पाहत होता! पंपाची बॉडी ताजी ओतलेली होती आणि तिच्यावर कंपनीचे उठावाचे चिन्हही होते, फक्त अक्षरांच्या कडा लोण्यासारख्या मऊ होत्या. मूळ भागाचाच छाप वाळूत घेऊन ओतले की कडा अशाच येतात. पंप वाईट होता असे मी म्हणत नाही, कदाचित चांगला चाललाही असता. तो खोटा होता, एवढेच.

आता याच्या अगदी उलट अनुभव सांगतो. माझ्या गाडीचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनातला धूर बाहेर नेणारा ओतीव नळ, दोन ठिकाणी तडकला होता. बिडाला, म्हणजे ओतीव लोखंडाला, वेल्डिंग करून काही महिने काढता येतात, पण तापून-थंड होऊन तडा पुन्हा बोलतो. मुंबईहून आलेले जुने दोन मॅनिफोल्ड तितकेच म्हातारे निघाले. शेवटी बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका छोट्या फाउंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) गेलो. मी स्वतः आयुष्यभर पॉलिटेक्निकच्या वर्कशॉपमध्ये मुलांना लेथ शिकवला आहे, तरी तेथल्या पॅटर्न (साच्यासाठीचा नमुना) करणाऱ्या मिस्त्रींनी मला विद्यार्थी केले. मी म्हणालो, जुन्या मॅनिफोल्डवरूनच साचा घ्या. ते हसले. बीड थंड होताना शेकडा एक या प्रमाणात आकसते. तीस सेंटिमीटर लांबीच्या भागात तीन मिलिमीटर कमी भरतात, आणि चार तोंडांपैकी शेवटच्या तोंडाचे बोल्ट हेडच्या भोकांशी जमत नाहीत. म्हणून लाकडी पॅटर्न नव्याने, आकसण्याचा हिशेब आधीच धरून मोठा करावा लागतो. त्यांच्याकडे त्यासाठी वेगळी पट्टीच होती, जिच्यावरचा प्रत्येक सेंटिमीटर खऱ्या सेंटिमीटरपेक्षा किंचित लांब आहे. त्या पट्टीने त्यांनी जुना भाग मोजला, सागवानाचा पॅटर्न रंध्याने तासला, आतल्या पोकळ्यांसाठी वाळूचे कोअर वेगळे भाजले. पहिले ओतकाम फुकट गेले. एका वळणात बुडबुडा राहिला होता. दुसरे बसले. बसण्याची बाजू सपाट करण्यासाठी मिलिंग मशीनवर चढवले तेव्हा मोल्डर पोराने मला विचारले, ‘सर, कंपनीचा शिक्का टाकायचा का? करून देतो.’ मी नको म्हणालो. त्याऐवजी तळाच्या बाजूला, गाडीखाली झोपल्याशिवाय दिसणार नाही अशा जागी, ‘बेळगाव २०२२’ एवढी अक्षरे उठावाने घेतली.

माझा सगळा मुद्दा या दोन भागांत आला आहे. पेटीतला पंप दिसायला मूळचा होता आणि लबाड होता. मॅनिफोल्ड उघडउघड नवा आहे आणि प्रामाणिक आहे. जुन्या गाडीत कोणता भाग कोठला, कोणी कधी घडवला, हे जर गाडी स्वतः सांगू शकत असेल तर बाहेर घडवलेल्या भागाने तिचे काही बिघडत नाही. ती सांगू शकत नसेल, तर शंभर टक्के कंपनीच्या मालानेही तिचे काही भले होत नाही.

येथे वडिलांच्या वहीचा उल्लेख करतो. त्यांचे बेळगावच्या शहापुरात कापडाचे दुकान होते आणि त्यांनी ही गाडी १९७१ साली कोल्हापूरच्या एका व्यापाऱ्याकडून घेतली. तिच्या आरसी पुस्तकात म्हणून आधी महाराष्ट्राचा, मग मैसूर राज्याचा आणि १९७३ नंतर कर्नाटकाचा असे तीन शिक्के आहेत. आमच्या भागातल्या माणसांसारखेच आहे हे. वडिलांनी दुकानाच्या खतावणीसारखी लाल कापडी बांधणीची एक वही गाडीसाठी ठेवली होती. तिच्यात १९७४ सालची एक ओळ आहे: ‘किंगपिन बुश दोन, गनमेटल, गावात करून घेतले.’ (पुढचे चाक ज्या खिळीवर वळते, तिच्याभोवतीची धातूची नळी म्हणजे हा बुश.) त्या काळी मूळ बुश मिळत नसणार किंवा परवडत नसणार. गाडी उघडली तेव्हा ते बुश मला सापडले, झिजलेले पण ओळखू येण्याजोगे. ते काढून नवे बसवावे लागले, कारण स्टिअरिंग हातभर खेळत होते. जुने बुश मी टाकून दिले नाहीत. शुद्धतेच्या नियमाने ते ‘ओरिजनल’ नव्हतेच. पण या गाडीच्या इतिहासात त्यांची पन्नास वर्षे जमा आहेत, आणि परदेशातल्या कुठल्याही कपाटातून आणलेल्या बुशांची एकही नाही.

काही भाग असे आहेत की जे मूळचे ठेवण्याचा हट्ट हा निव्वळ वेडेपणा आहे, आणि हे पहिल्या पत्रलेखकांना कोणीतरी स्पष्ट सांगायला हवे. त्या काळच्या ब्रेक लायनरांत आणि क्लच प्लेटांत ॲस्बेस्टॉस असे. त्याची धूळ फुप्फुसात जाऊन काय करते हे आता सर्वांना माहीत आहे. कापडी वेष्टणाच्या जुन्या तारांचे रबर कुरकुरीत होऊन गळते आणि शॉर्ट होऊन गाडी पेटते. ५.२०-१४ मापाचे पन्नास वर्षांपूर्वीचे टायर प्रदर्शनाच्या मांडवात शोभतील, पण ते लावून पुणे-बंगळूर महामार्गावर जाणाऱ्याला मी माझ्या घरातून तरी निघू देणार नाही. इंधनाचे तर वेगळेच. आता पंपावर मिळते त्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते. आपल्या चिकोडी, अथणी, गोकाक भागातल्या उसाच्या मळीतून आणि रसातून तयार झालेले असेल म्हणून त्याचा अभिमान जरूर बाळगावा, पण ते हवेतले पाणी ओढते, जुन्या रबरी पाइपांना फुगवते, टाकीला आतून गंज चढवते आणि कार्बोरेटरच्या जस्तमिश्रित धातूला पांढरी पूड आणते. माझ्या गाडीतला मूळचा रबरी पाइप एका पावसाळ्यात चिकट गोळीसारखा मऊ झाला. तेथे इथेनॉल सोसणारा नवा पाइप बसवला आणि वहीत तशी नोंद केली. अँबॅसेडरवाल्यांपुढे याआधीच एक प्रश्न येऊन गेला आहे: १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले, आणि बिडाच्या हेडमधल्या ज्या व्हॉल्व्ह सीटांना (झडपांच्या बैठकींना) शिशाचे वंगण मिळत असे, त्या झिजू लागल्या. ज्यांनी कडक धातूच्या सीट रिंगा बसवून घेतल्या त्यांचे इंजिन राहिले. त्यांना ‘मूळ हेडला हात लावला’ म्हणून दोष द्यायचा का?

पत्र्याची बाब वेगळी, आणि तेथे मी पहिल्या पत्रलेखकांच्या बाजूचा आहे. खानापूरच्या पावसात उभी राहिलेली गाडी खालून कुजते. डेंटर मंडळी घाईत असली की कुजका भाग कापून नवा पत्रा जोडण्याऐवजी त्यावर लांबी (पुटी) भरतात, घासतात आणि वर आरशासारखा टू-पॅक रंग मारतात. त्या काळच्या फियाटवर असा काचेसारखा चकाकणारा रंग कधीच नव्हता. तो मऊसर चकाकीचा असे आणि उन्हाने लवकर फिका पडे. दुसऱ्या पत्रलेखकांची ‘चकाचक’ गाडी मी पाहिलेली नाही, पण अशा गाड्यांच्या दाराच्या खालच्या कडेला चुंबक लावून पाहावे. चुंबक चिकटला नाही तर आत पत्रा किती आणि लांबी किती, हे कळते. आपल्याकडे गावोगाव देवळांचा जीर्णोद्धार होताना काळ्या दगडाच्या खांबांवर जसा ऑइलपेंट फासला जातो, तसाच हा प्रकार. त्यातल्या त्यात देवळात निदान दाराजवळ संगमरवरी पाटी बसते, जीर्णोद्धार कोणी आणि कोणत्या साली केला ते सांगणारी. गाडीच्या दाराच्या आत तशी पाटी कोणी लावत नाही.

कायद्याचे म्हणणेही या वादात पाहायला हवे. जुलै २०२१ मध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुन्या, खासगी दुचाकी आणि चारचाकी वाहनांसाठी ‘व्हिंटेज’ असा वर्ग केला. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, मुदत दहा वर्षे, आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे. असे वाहन रोजच्या वापराला काढता येत नाही. अट अशी की, वाहन मूळ स्वरूपात असावे आणि चासी, बॉडी किंवा इंजिन यांत फेरफार होईल अशी मोठी दुरुस्ती झालेली नसावी. या अटीचा अर्थ जो तो आपल्या सोयीने लावतो. झिजलेले सिलिंडर आतून कोरून (बोअर करून) मोठ्या मापाचे पिस्टन टाकले, तर तो फेरफार म्हणायचा की झिजेवरचा इलाज? माझ्या मते तो इलाज आहे, कारण कारखाना स्वतःच पुढच्या मापांचे पिस्टन विकत असे. पण पेट्रोलच्या जीपला डिझेल इंजिन बसवणे हा निःसंशय फेरफार आहे. आमच्याकडे जांबोटी-कणकुंबीच्या रस्त्यावर अशा जीपा वर्षानुवर्षे माणसे आणि भाजीपाला वाहत होत्या आणि त्यांच्यावर माझा जीव आहे. एखाद्याने अशी जीप डिझेल इंजिनासह, तिच्या त्या इतिहासासह जपली तर मी स्वतः जाऊन पाहीन. मात्र तिच्यापुढे ‘१९६२, ओरिजनल’ अशी पाटी लावली तर ते चालणार नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसारही असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही, हे येथे लिहून ठेवलेले बरे.

आणि एक गोष्ट तर कोणत्याही सबबीखाली खपवून घेऊ नये: चासीवर आणि इंजिनावर ठोकलेले नंबर. कागद चांगले असलेल्या भंगार गाडीचा नंबर कापून दुसऱ्या सांगाड्याला जोडणे किंवा पंचाने नवे आकडे ठोकणे, याला जीर्णोद्धार म्हणत नाहीत. त्याला गुन्हा म्हणतात. बाहेरच्या नंबर प्लेटचे तसे नाही. हाताने रंगवलेली माझी जुनी पाटी आता भिंतीवर गेली आहे आणि सरकारी आदेशाप्रमाणे गाडीला होलोग्रामची प्लेट आहे. दिसायला विजोड, पण कोणाची फसवणूक नाही.

हा वाद फक्त आपल्या गावचा नाही. लंडनच्या उच्च न्यायालयात १९९० साली एका बेंटलेवरून खटला चालला. १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे फ्रान्समधली ल माँची मोटार शर्यत जिंकलेली ही ‘ओल्ड नंबर वन’ नावाची गाडी; विकत घेणाऱ्याच्या बाजूचे म्हणणे की, तिच्यात त्या शर्यतीच्या वेळचे भाग जवळजवळ उरलेलेच नाहीत, म्हणजे ती गाडी ही नव्हेच. न्यायमूर्ती ऑटन यांनी भाग बदलत गेल्याचे मान्य करूनही ती तीच गाडी असल्याचा निर्वाळा दिला, कारण तिचे आयुष्य कोठेही खंडित झाले नव्हते आणि प्रत्येक टप्प्यावर ती तीच गाडी म्हणून ओळखली गेली होती. पुढे जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे ‘फिवा’ने, स्वीकारलेल्या तुरीनच्या सनदेतही केलेल्या कामाची पद्धतशीर नोंद ठेवण्यावर भर आहे. आमच्या शहापुरातल्या कापड दुकानदाराने हे १९७१ पासूनच आपल्या लाल वहीत चालवले होते, याचे मला कौतुक वाटते, मुलाला वाटणारच.

म्हणून शहरात जुन्या गाड्यांची प्रदर्शने भरवणाऱ्यांना माझी विनंती आहे की, बक्षिसासाठी रंग आणि क्रोम पाहण्याआधी प्रत्येक गाडीबरोबर एक कागद मागावा. चासी आणि इंजिनाचा नंबर आरसीशी जुळतो का, कोणता मोठा भाग कोणत्या साली बदलला, नवा भाग कोठे घडला आणि काढलेला भाग मालकाकडे जपून आहे का, एवढे त्यावर असावे. ज्याच्याकडे हा कागद नाही त्याला प्रदर्शनात येऊ द्यावे, बक्षीस देऊ नये. उद्यमबागेतल्या कारखानदारांनाही सांगणे आहे की, गिऱ्हाईक कितीही आग्रह करो, दुसऱ्या कंपनीचे चिन्ह आपल्या ओतकामावर उठवू नका, स्वतःचे उठवा. आपल्याकडचे काम त्या चिन्हाला लाज आणणारे नाही.

एक शेवटची मागणी. दसऱ्याच्या आधी घरे झाडताना माळ्यावरची जुनी कागदे भंगारवाल्याकडे जातात. त्यांत गाड्यांची पार्ट कॅटलॉगे, सर्व्हिस पुस्तके, गॅरेजच्या पावत्या असतात. निपाणी, खानापूर, चिकोडी, बेळगाव, कोठेही कोणाकडे फियाट किंवा अँबॅसेडरची अशी कागदे असतील, तर ती रद्दीत देण्याआधी आपल्या दैनिकाच्या कार्यालयात कळवावी. फियाटच्या पुढच्या दाराच्या आतल्या मुठीचा नमुना मला अजून मिळालेला नाही. सध्या तेथे एक लाकडी मूठ आहे आणि वहीत तशी नोंद आहे.

आपला,
एक वाचक,
टिळकवाडी, बेळगाव